कुरळ्या केसांचा कुत्रा: घरच्या घरी केसांची निगा कशी राखावी

कुरळ्या केसांचे कुत्रे केस गाळत नाहीत, म्हणून सांभाळायला सोपे, असं ऐकून बरेच जण पूडल, बिशॉन फ्रीझ किंवा लॅब्राडूडल घरी आणतात. यातलं पहिलं अर्धंच खरं आणि दुसरं साफ खोटं. पूडलसारख्या कुत्र्याच्या प्रत्येक केसाचा वाढीचा काळ लांबलचक असतो. त्यामुळे केस वाढत राहतात आणि कमी गळतात, पण गळतात. सरळ केसांच्या कुत्र्याचा गळलेला केस सोफ्यावर पडतो. कुरळ्या कुत्र्याचा केस शेजारच्या केसाच्या वळणात अडकून तिथेच राहतो आणि त्याच्याभोवती हळूहळू जट धरते. सोफा स्वच्छ राहतो, त्याची किंमत कुत्र्याच्या अंगावर वसूल होते म्हणा ना. (आणि ॲलर्जीवाल्यांसाठी एक: ॲलर्जी मुख्यतः लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांमुळे होते. ती प्रथिनं कुरळ्या कुत्र्यातही असतात.)

जट सुरू होते ती त्वचेपाशी. वरून केस छान फुललेले दिसतात, हात फिरवला तर मऊ लागतात आणि खाली गुंत्याचा सलग थर असतो. ‘आम्ही रोज ब्रश करतो हो’ असं ग्रूमरला (कुत्र्यांचे केस कापणाऱ्या व्यावसायिकाला) सांगणारे मालक खोटं बोलत नसतात. ते रोज वरवर ब्रश करत असतात, एवढंच. म्हणून पुढे जे काही सांगतो आहे त्यातलं बरंचसं ‘मुळापर्यंत पोहोचा’ याच एका मुद्द्याभोवती फिरतं.

आधी केस कोणत्या जातीचे ते बघा

२००९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनात असं दिसलं, की कुत्र्यांच्या केसांमधला बहुतेक फरक तीन जनुकांच्या जोडण्यांतून येतो. एफजीएफ५ लांबी ठरवतं, केआरटी७१ कुरळेपणा आणि आरएसपीओ२ मिशा-दाढी-भुवयांचे झुपके. याचा आपल्या कामाशी संबंध असा, की ‘कुरळा’ म्हणजे एकच प्रकार नव्हे आणि एकाची निगा दुसऱ्याला चालेलच असं नाही.

पूडल, बिशॉन आणि पोर्तुगीज वॉटर डॉग यांचे केस लांब वाढतात. ते नियमित विंचरावे आणि कापावे लागतात. डूडल मंडळी, म्हणजे लॅब्राडूडल, गोल्डनडूडल, कॉकापू असे पूडलचे संकर, यांच्यात अनेकदा पूडलचं वळण आणि दुसऱ्या जातीची दाट अंतर्लोकर असं दोन्ही एकत्र येतं. जटांच्या बाबतीत सगळ्यात त्रासदायक हेच. लगोटो रोमान्योलोचं वळण टिकवायचं असतं, म्हणून त्याला ब्लो-ड्राय करून केस सरळ करत नाहीत. त्याचे केस वर्षातून किमान एकदा पूर्ण कापावेत, असं त्याच्या जातीच्या मानकातच लिहिलं आहे. कर्ली-कोटेड रिट्रीव्हरला मात्र रोज ब्रश केलात तर त्याची घट्ट बारीक वळणं उसवून नुसतं पिंजारलेलं दिसेल. त्याला भिजवून, हातानं चोळून, आपोआप वाळू द्यायचं. पुली आणि कोमोंडोर यांच्या केसांच्या तर दोऱ्याच होतात. त्या विंचरायच्या नसतात, मुळाशी एकमेकींना चिकटू नयेत म्हणून बोटांनी वेगळ्या करत राहायच्या असतात.

या लेखात पूडलसारख्या आणि डूडल कुत्र्यांबद्दल लिहितो आहे. तुमचा कुत्रा यांपैकी नसेल तर आंघोळ, कान, पंजे हे भाग उपयोगी पडतील, विंचरण्याचा भाग सोडून द्या.

केस किती लांब ठेवायचे?

हे आधी ठरवा, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. फोटोतला गोलमटोल, चार-पाच सेंटिमीटर केसांचा कुत्रा हवा असेल तर रोज, निदान एक दिवसाआड, मुळापासून विंचरायला वेळ काढावा लागेल. एक-दीड सेंटिमीटर केसांना आठवड्यातून दोनदा पुरतं. मला विचाराल तर नवख्या माणसानं आखूड केसांपासूनच सुरुवात करावी. हात बसला, कुत्र्याला सवय झाली, की मग वाढवा. आखूड केस म्हणजे हयगय, असं कोणी म्हटलं तर म्हणू द्या. कुत्र्याला आरशात बघायचं नसतं.

हाताशी काय असावं

तीन गोष्टींवर पैसे खर्च करा, बाकी जमेल तसं.

पहिली, स्लिकर ब्रश: चौकोनी गादीवर बारीक वाकड्या तारा असलेला. दुसरी, स्टीलचा कंगवा: अर्धा भाग विरळ दातांचा, अर्धा दाट दातांचा. तिसरी, कुत्र्यांसाठीचा डिटँगलिंग स्प्रे. तो नसेल तर कुत्र्यांचा कंडिशनर पाण्यात बराच पातळ करून फवाऱ्याच्या बाटलीत भरा. कोरड्या केसांवर ब्रश ओढला की केस तुटतात, म्हणून हा फवारा लागतोच.

शिवाय बोथट टोकाची छोटी कात्री, पाणी चटकन शोषणारे दोन टॉवेल आणि पाय घसरू नयेत म्हणून रबरी मॅट. गुळगुळीत टेबलावर पाय सरकणारा कुत्रा कधीच शांत उभा राहत नाही आणि मग आपण उगाच त्याच्यावर चिडतो. गळणारे केस काढण्यासाठी मिळणारी पात्याची डी-शेडिंग अवजारं मात्र घेऊ नका. ती कुरळे केस मधूनच कापतात.

सवय आधी, काम मागाहून

पिल्लू घरी आल्यापासूनच सुरुवात करा, तेव्हा विंचरण्यासारखं फारसं काही नसलं तरी. एक-दोन मिनिटं ब्रश, एक खाऊ, संपलं. पंजा हातात धरा, कान उलटा, हनुवटी धरा, शेपटी उचला आणि प्रत्येक वेळी खाऊ द्या. क्लिपर (केस कापायचं मशीन) बंद असताना अंगावर फिरवा, मग दूर ठेवून चालू करा, मग चालू क्लिपरची नुसती पाठ खांद्याला टेकवा. सगळं एका दिवशी उरकायचं नाही.

ही घाई आता का, ते साधारण सात-आठ महिन्यांनी कळतं. पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठेपणीचे केस येण्याचा काळ अर्ध्या वर्षापासून दीड वर्षापर्यंत कधीही येऊ शकतो. त्या काही आठवड्यांत काल विंचरलेल्या जागी आज गुंता सापडतो. कुत्र्याला तोवर ब्रशची सवय नसेल तर दोघांचेही हाल होतात. या काळात केस सरळ आखूड कापून टाकणं हाच शहाणपणा.

विंचरणं: भांग पाडत, थरावर थर

कुत्र्याला कुशीवर झोपवा किंवा मॅटवर उभं करा. सुरुवात पाठीवरून करू नका. पाठ सगळ्यात सोपी असते, म्हणून सगळे तिथेच ब्रश फिरवतात. मागच्या पायाच्या पंजापासून सुरू करा.

एका हातानं पायावरचे केस वर सरकवून धरा, खाली बोटभर रुंदीची एकच ओळ मोकळी राहू द्या. भांग पाडल्यासारखी त्वचेची रेष दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर जाड थर घेतला आहे, कमी घ्या. त्या ओळीवर हलका फवारा मारा. स्लिकर ब्रश तीन बोटांत सैल धरून मुळापासून टोकाकडे, छोट्या छोट्या फटकाऱ्यांनी फिरवा. जोर मनगटात हवा, खांद्यात नको. मग वरून आणखी एक ओळ खाली सोडा, पुन्हा भांग, पुन्हा ब्रश. असं करत मांडीपर्यंत, मग कूस, मग पुढचा पाय, छाती, मान.

किती जोर लावायचा हे कळत नसेल तर तोच ब्रश स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवून बघा. तिथे ओरखडा उठला तर कुत्र्यालाही उठतोय. एकाच जागी वीस-तीस वेळा ब्रश घासला की त्वचा लाल होऊन चरचरते. असं एकदा झालं की पुढच्या वेळी कुत्रा ब्रश बघताच टेबलाखाली जातो.

एक भाग झाला की कंगवा घ्या. ब्रश काम करतो, तपासतो तो कंगवा. विरळ दातांची बाजू त्वचेला हलकेच टेकवा आणि टोकापर्यंत ओढा. मग दाट दातांची. न अडता गेला तर तो भाग झाला. अडला तर तिथे काहीतरी आहे, वरून कितीही छान दिसत असलं तरी. कंगवा अडल्यावर जोरानं ओढायचा नाही. बाहेर काढायचा आणि त्या जागी परत ब्रश.

आता कानामागची जागा घ्या, कारण बऱ्याच कुत्र्यांची पहिली जट तिथेच सापडेल. कानाची पाळी उलटून धरा. पाळी डोक्याला जिथे जुळते, तिथले केस बाकीच्यापेक्षा बारीक आणि मऊ असतात. मागच्या पायानं खाजवलं की ते एकमेकांत पिळले जातात. ब्रशच्या आधी अंगठा आणि तर्जनी यांमध्ये ते केस चुरून बघा. वाटाण्याएवढी टणक गोळी लागेल. आजच सोडवली तर दोन मिनिटांचं काम आहे. आठवडाभर ठेवलीत तर ती पाळीच्या कडेनं पसरत जाते.

असेच आणखी अड्डे: काखा, जांघ, पट्ट्याखालची मान, हार्नेसचे पट्टे जिथे घासतात त्या बगला, शेपटीचं मूळ, हनुवटी आणि बोटांच्या मधल्या फटी. घरात असताना हार्नेस काढून ठेवा. लोकरी स्वेटर घालत असाल तर काढल्यावर लगेच विंचरा. वेळच नसेल तर पाठ सोडा आणि एवढ्याच जागा बघा.

जट सापडली तर

कात्री खाली ठेवा. जट त्वचेला स्वतःकडे ओढून घेते, त्यामुळे तिच्या पोटात त्वचेची घडी उभी असते आणि ती दिसत नाही. कात्रीनं जट कापायला जाऊन त्वचाच कापली गेली आणि टाके पडले, असे कुत्रे पशुवैद्यांकडे नेहमी येतात.

जट लहान असेल तर तिच्यावर फवारा मारून काही मिनिटं थांबा. लहान मुलीच्या केसांतला गुंता सोडवताना आई जशी केस मुळाशी घट्ट धरते, तशी जट त्वचेलगत चिमटीत धरा, म्हणजे ओढ त्वचेपर्यंत पोहोचत नाही. मग बोटांनी तिचे उभे दोन-तीन भाग करा. कंगव्याच्या शेवटच्या दातानं टोकाकडून सोडवायला घ्या, थोडं थोडं मुळाकडे सरका. शेवटी ब्रश.

पाच-सात मिनिटांत सुटली नाही किंवा जट नाण्यापेक्षा मोठी असेल तर क्लिपरनं काढा. आणि जटांची सलग चादरच झाली असेल, म्हणजे बोट कुठेही त्वचेपर्यंत पोहोचत नसेल, तर ती घरी सोडवायचा हट्ट धरू नका. तासन्‌तास ओढाताण करून केस वाचवण्यापेक्षा एकदा ते साफ उतरवलेले बरे. हे काम अनुभवी ग्रूमरला द्या आणि आधी त्वचा तपासून घ्या, कारण अशा चादरीखाली जखम, ओल, पिसवा, काहीही निघू शकतं. कानांवरच्या मोठ्या जटा काढल्यावर कुत्रा दोन-चार दिवस डोकं झटकत असेल तर लक्ष ठेवा. त्या झटक्यांनी कानाच्या पाळीत रक्त साकळून फुगवटा येऊ शकतो. तसं दिसलं तर लगेच पशुवैद्य गाठा.

आंघोळ

विंचरल्याशिवाय आंघोळ घालायची नाही. गुंता ओला होऊन वाळला की आवळून बसतो. आज सुटणारी गाठ उद्या सुटत नाही.

तीन ते सहा आठवड्यांतून एकदा पुरे. माणसांचा शाम्पू नको. आपल्या त्वचेचा सामू आम्लाकडे झुकलेला असतो, कुत्र्याचा बराचसा उदासीनाकडे. तसंच ‘नैसर्गिक’ म्हणून टी ट्री ऑइल घालू नका. ते दाट स्वरूपात कुत्र्यांना विषारी आहे. पिसवा-गोचिडांचं मानेवर टाकायचं औषध वापरत असाल तर त्याच्या आधी-नंतर किती दिवस आंघोळ नको हे वेष्टनावर लिहिलेलं असतं. बहुतेक औषधांना दोन दिवस तरी सोडावे लागतात.

पाणी कोमट. दाट कुरळ्या केसांत पाणी सहज आत जात नाही, वरून ओघळून जातं. म्हणून शॉवरचं तोंड त्वचेला टेकवून भिजवा. शाम्पू पाण्यात पातळ करून घाला आणि केसांच्या दिशेनं, दाबत-पिळत खाली न्या. गोल गोल चोळलं की नवा गुंता तयार होतो. धुताना केस पिळून बघा, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. साबण राहण्याच्या नेहमीच्या जागा काखा आणि पोट, आणि राहिलेल्या साबणानं खाज सुटते. मग कंडिशनर, तोही नीट धुऊन.

वाळवणं

टॉवेलनं खसाखसा पुसू नका. टॉवेल दाबून पाणी टिपून घ्या.

त्यानंतर आपोआप वाळू दिलं तर वळणं आवळून बसतात आणि मुळाशी ओल राहते. पूडल आणि डूडल यांच्यासाठी ड्रायरच हवा: कमी उष्णतेवर, वीतभर लांबून आणि मध्ये स्वतःचा हात घालून ऊब तपासत. ड्रायरचा झोत जिथे पडतो आहे तिथेच ब्रश फिरवा. केस वळण्याआधीच सरळ वाळतात आणि मग कापायलाही सोपे जातात. सगळ्या अंगाला एकदम झोत मारण्यापेक्षा एक पाय पूर्ण वाळवा, मग दुसरा. न वाळलेले भाग तोवर टॉवेलात गुंडाळून ठेवा. कुत्र्याला बंद पिंजऱ्यात ठेवून गरम हवा सोडायची आणि आपण दुसऱ्या कामाला लागायचं, हे कधीही करू नका. उष्माघातानं कुत्रे दगावले आहेत.

हात मुळाशी घालून बघा. गार लागलं तर अजून ओल आहे.

कान, डोळे, पंजे

पूडलच्या कानाच्या नळीतही केस वाढतात. पूर्वी ते सरसकट उपटायचे. आता बरेच पशुवैद्य सांगतात, की कान निरोगी असेल तर उपटू नका, उपटण्यानंच आत दाह होऊ शकतो. वारंवार कान बिघडत असतील तर काय करायचं ते पशुवैद्यालाच ठरवू द्या. आपण करायचं ते एवढंच: आंघोळीनंतर कान कोरडा करणं, दिसेल तेवढाच भाग कापसानं पुसणं आणि वास घेणं. हो, वास. आंबूस, कुजका वास, लाली, डोकं झटकणं यांपैकी काहीही असलं तर दाखवून घ्या. कानात काडी घालू नका.

डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यातले केस वाढून डोळ्यात जातात आणि खाली ओला तांबूस डाग पडतो. तिथे ओल्या कापसानं रोज पुसा. केस कापायचे असतील तर बोथट कात्री नाकाच्या रेषेला समांतर धरा, टोक डोळ्याकडे कधीच नको.

पंजा उलटा करा. गाद्यांच्या मधले केस गाद्यांच्या पातळीवर कापा. वाढले की फरशीवर पाय घसरतात, खडे आणि कुसळं अडकतात. कुसळ बोटांच्या मधून त्वचेत शिरून आत सरकत जातं. फिरून आल्यावर दोन मिनिटं बोटांच्या फटी बघायची सवय लावा, गोचीडही तिथेच सापडते.

क्लिपर घरी चालवायचा असेल

ग्रूमरकडे चार ते आठ आठवड्यांनी जाणार असाल तर हा भाग सोडा. घरीच करायचं असेल तर ब्लेडचे नंबर समजून घ्या: नंबर जितका मोठा, केस तितके आखूड. १० नंबरच्या ब्लेडनं सुमारे दीड मिलिमीटर केस राहतात, ७एफनं सुमारे ३, ५एफनं सुमारे ६ आणि ४एफनं सुमारे ९. पोट आणि शेपटीखालची जागा १० नंबरनं. अंगासाठी ४एफ किंवा ५एफ. दातांमध्ये मोठी फट असलेली ब्लेडं नवख्यानं घेऊ नयेत, त्या फटीत त्वचा सापडते.

कापायचं ते नेहमी धुतलेल्या, पूर्ण वाळलेल्या, कंगव्यातून पास झालेल्या केसांवर. केसांच्या वाढीच्या दिशेनं, ब्लेड त्वचेला सपाट टेकवून, न दाबता. जपायच्या जागा: काखेतला त्वचेचा पडदा, मांडी आणि कूस यांमधली घडी, स्तनाग्रं, टाचेमागची शीर आणि कानाच्या कडा. तिथे दुसऱ्या हातानं त्वचा ताणून सपाट करा आणि मगच ब्लेड न्या. कानाची कड बोटांच्या चिमटीत झाकून ठेवा.

ब्लेड पाच-दहा मिनिटांत तापतं. मधूनमधून स्वतःच्या मनगटाला लावून बघा. चटका बसला तर थांबा किंवा दुसरं ब्लेड लावा. पोटावर उठणारे लाल चट्टे बहुतेक वेळा तापलेल्या ब्लेडचेच असतात.

केस उतरले की त्वचा नीट दिसते. गाठ, कोंडा, दोन्ही बाजूंना सारखेच विरळ झालेले केस दिसले किंवा कापल्यावर केस परत येईनात, तर फोटो काढून पशुवैद्याला दाखवा. दोन्हीकडे सारखी केसगळ अनेकदा हार्मोनच्या बिघाडाची खूण असते. स्टँडर्ड पूडलमध्ये त्वचेच्या तेलग्रंथी नष्ट करणारा सेबेशियस ॲडिनायटिस हा आजारही आढळतो. त्याची सुरुवात कोंडा आणि विरळ होत जाणाऱ्या केसांनी होते. अगदी आखूड कापल्यावर उन्हात न्यायचं तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, कारण उघडी पडलेली त्वचा भाजते.

काम झाल्यावर ब्लेड काढून दातांमधले केस ब्रशनं झाडा, तेलाचा थेंब सोडून क्लिपर काही सेकंद चालवा आणि पुसून ठेवा. ब्लेड जमिनीवर पडलं असेल तर उजेडात धरून एकेक दात बघा. एक जरी वाकला किंवा तुटला असेल तर ते ब्लेड फेकून द्या.